भाऊ केळशीकरांकडे आलेलं पाकीट

डोंबिवली पूर्वेच्या शरयू बिल्डिंगमध्ये एकही कपाट, एकही स्कूटर आणि एकही सून भाऊ केळशीकरांना विचारल्याशिवाय आलेली नाही. भाऊ काही भटजी नव्हेत. कोलशेतच्या एका रसायनाच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. पाइपांचे आणि टाक्यांचे नकाशे काढले, रिटायर झाले, आणि कंपनीतली टोकदार पेन्सिल तेवढी घरी आणून पंचांगाला लावली. कोणी विचारायला आलं की चष्मा कपाळावर चढवून ते पानं उलटत, समासात बारीक खूण करत आणि म्हणत, "शुक्रवारी साडेदहानंतर आणा. त्याआधी नको." पैसे घेत नसत. चहा मात्र घेत.

लोकांचा विश्वास होता की सवय होती, हे सांगणं कठीण आहे. पण भाऊंनी दिलेल्या दिवशी माणूस निर्धास्त असायचा, एवढं खरं. काम बिघडलंच तर खापर फोडायला भाऊ होते, आणि भाऊंकडे दरवेळी एखादा राहू तयार असे.

मग त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न. क्षिप्रा एकुलती एक. तिच्या लग्नाच्या तारखेसाठी भाऊ दोन महिने पंचांग घेऊन बसले होते. वैशाखातला, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त त्यांनी काढला आणि त्यात कोणाला बोट घालू दिलं नाही. लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. जावई केदार कॉम्प्युटरवाला, उंच, हसरा, बोलायला गोड. दोन महिन्यांत दोघं कॅनडाला गेली, कॅलगरीला. भाऊंनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता क्षिप्रा तिकडे एकटी राहत होती. केदार दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आला होता आणि कोलशेतला एका नव्या टॉवरमध्ये आई-वडिलांजवळ राहत होता. क्षिप्राला घटस्फोट हवा होता. का, ते भाऊंना धड माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला, सुमतीला, थोडं माहीत होतं. केदार आठ-आठ दिवस तोंडातून शब्द काढत नसे, आणि मुलीचा पासपोर्ट आणि बँकेचं कार्ड त्याच्या कपाटात असे, एवढं तिच्या कानावर आलं होतं. भाऊंनी पुढे विचारलं नाही. त्यांनी दोघांच्या पत्रिका पुन्हा काढल्या, मुहूर्ताचं गणित पुन्हा मांडलं, आणि त्यात चूक सापडेना तेव्हा त्यांना मुलीचंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं.

ठाण्याच्या वकिलीणबाई, रसिका त्यांचं नाव, त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. तिकडच्या कोर्टात घटस्फोट मिळेलही, पण लग्न इथलं, नवरा इथे. उद्या त्याने हरकत घेतली तर तिकडचा कागद इथे कोणी मानणार नाही, आणि इकडे क्षिप्रा त्याचीच बायको राहील. त्यापेक्षा दोघांच्या संमतीने इथेच अर्ज करा. केदार तयार होता. क्षिप्राने वडिलांच्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठवायचं, म्हणजे तिच्या जागी भाऊंनी सह्या करायच्या. फक्त एक लक्षात ठेवा, असं त्यांनी दोनदा बजावलं. परदेशात केलेला असा कागद इथे पोहोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात दाखवून त्यावर शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर तो कोर्टात चालत नाही.

त्या कागदासाठी क्षिप्राने दोन दिवस रजा काढली, विमानाने व्हँकुव्हरला गेली, तिथल्या भारतीय वकिलातीत उभं राहून सही केली. पाकीट डोंबिवलीत पोहोचलं ते नेमकं पितृपंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी.

भाऊंनी कुरियरवाल्याच्या मशिनवर सही केली, पाकीट हातात धरलं आणि तसंच, न फोडता, देवघराखालच्या खणात ठेवलं. सुमतीने विचारलं तेव्हा म्हणाले की या पंधरवड्यात असल्या कामाला हात लावायचा नसतो. ते तिलाही पटलं. पुढे नवरात्र बसलं. घट बसलेले असताना घर मोडायचे कागद कसे बाहेर काढायचे? दसऱ्याला तर सोनं वाटायचं. मग दिवाळी आली. भाऊ रोज पंचांग उघडत. त्यात गृहप्रवेश होता, वास्तुशांत होती, बारसं, मुंज, विहीर खणणं, धान्य पेरणं, सगळं होतं. नवराबायकोने वेगळं व्हायला चांगला दिवस कोणता, हे काही त्यात दिलेलं नव्हतं.

क्षिप्रा फोनवर विचारायची तेव्हा ते सांगत की कागद वकिलीणबाईंकडे दिलाय, काम चालू आहे. सरकारी काम आहे, वेळ लागायचाच. आणि रसिकाबाईंचा फोन आला की पाकीट अजून यायचंय म्हणत. आयुष्यभर मिलिमीटरचा हिशेब ठेवलेला हा माणूस दोन्हीकडे सरळ खोटं बोलत होता आणि त्याला झोपही लागत होती. आपण काही वाईट करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. आपण फक्त थांबलोय, असं ते स्वतःला सांगत. थांबल्याने कोणाचं नुकसान होतं?

पाडव्याला केदार आला. हातात मिठाईचा खोका, अंगात झब्बा. तो भाऊंच्या पाया पडला आणि भाऊ विरघळले. सुमती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. केदारने इकडचं तिकडचं बोलून हळूच अर्जाचं कुठवर आलं ते विचारलं. भाऊंनी आवाज खाली आणून, काहीसं गुपित सांगावं तसं, पाकीट अजून देवघरात आहे हे त्याला सांगून टाकलं. केदारचा चेहरा उजळला. म्हणजे तुमच्याकडेही अजून विचार चालू आहे तर, असं तो म्हणाला. मग मीही घाई करत नाही. जाताना पुन्हा पाया पडला. त्या दिवशी भाऊंनी दोन वेळा श्रीखंड मागून घेतलं.

तीन महिने कधी संपतात ते भाऊंना माहीत होतं. इतरांच्या बारशाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या माणसाला ही तारीख विसरणं शक्य नव्हतं. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी सकाळी ते फिरून आले, पेपर वाचला, दुपारी जेवून आडवे झाले, आणि संध्याकाळी दिवेलागणीला खणाकडे न बघता देवापुढे समई लावली.

पौष लागल्यावर रसिकाबाईंनी न राहवून थेट क्षिप्रालाच ईमेल केली, की कागद कधी पाठवताय. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दाढी करत होते तेव्हा फोन आला. नेहमी ती आधी आईला बोलवायची. आज तिने त्यांनाच मागितलं.

"भाऊ, पाकीट कुठे आहे?"

भाऊंच्या एका गालावर साबण होता. त्यांनी सांगितलं, देवघरात.

"उघडलंय?"

नाही, ते म्हणाले. मग त्यांनी दिवसांचं सगळं सांगायला सुरुवात केली, पंधरवडा, नवरात्र, दिवाळी. क्षिप्राने मध्ये तोडलं नाही. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोन केला होता. मी घरी येते म्हणाले होते. आठवतंय? तुम्ही म्हणालात, पौषात निघू नकोस, महिना संपू दे, मग बघू."

भाऊंना आठवत होतं. महिना संपल्यावर तिने तो विषय काढला नव्हता, आणि त्यांनीही नाही. गाडी रुळावर आली असं समजून त्यांनी त्या वर्षी माघी गणपतीला एकवीस मोदक केले होते.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एवढंच सांगितलं की नवीन मुखत्यारपत्र ती आईच्या नावाने करणार आहे, पुन्हा व्हँकुव्हरला जाऊन. त्यानंतर पाच महिने ती भाऊंशी बोलली नाही. रोज फोन यायचा, सुमती बोलायची, आणि शेवटी ठरल्यासारखं एक वाक्य यायचं, भाऊ बरे आहेत ना. सुमती हो म्हणायची. भाऊ समोरच्या खुर्चीत बसून ते ऐकायचे.

सुमती त्यांना बोलली नाही असं नाही. ती फार थोडं बोलली, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "अहो, तुम्हाला तिचं लग्न टिकवायचं नव्हतं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुम्हाला तुमचा मुहूर्त टिकवायचा होता." भाऊ उठून गॅलरीत गेले. तिथून खालच्या रिक्षा बघत उभे राहिले.

नवीन पाकीट आलं ते सुमतीच्या नावाने. तिने सही करून घेतलं, तिथेच दारात फोडलं, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला निघाली. भाऊ पायांत चपला घालायला लागले तेव्हा ती म्हणाली की यायचं तर या, पण कागद माझ्याकडे राहील. शिक्का त्या आठवड्यात झाला. इतकं सोपं होतं ते.

अडलं ते केदारकडे. पाडव्याला त्याला जो धीर मिळाला होता तो काही त्याने सोडला नाही. मला अजून विचार करायचाय, असं तो रसिकाबाईंना सांगायचा. कधी फोन उचलायचा नाही. त्याची सही नाही म्हणजे संमतीचा अर्ज नाही. मग राहिलं काय, तर कॅलगरीत बसून ठाण्यातला खटला लढणं, आरोप, पुरावे, वर्षानुवर्षं तारखा. रसिकाबाईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ शेजारीच होते. हा धीर त्याला कोणी दिला, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी कोलशेतला जायचं ठरवलं. सुमतीला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, तेवढंच. ठाण्याहून रिक्षा केली. ज्या रस्त्याने एकतीस वर्षं कंपनीची बस त्यांना नेत होती त्याच रस्त्याला आता दोन्ही बाजूंनी टॉवर उभे होते आणि कंपनीचं गेट कुठे होतं तेही त्यांना ओळखता आलं नाही. वॉचमनने वहीत नाव, वेळ आणि कोणाकडे जायचं ते लिहायला लावलं. नात्याचा रकाना नव्हता, ते एक बरं झालं.

केदार घरी एकटाच होता. त्याने अगत्याने बसवलं, स्वतः चहा केला. भाऊंनी हात जोडले. लग्नात वरपक्षापुढे जोडले होते तसेच. "केदारराव, माझ्यामुळे हे सगळं लांबलं," ते म्हणाले. "तुमचा गैरसमज मी करून दिला. आमच्याकडे विचार वगैरे काही चालू नव्हता. मीच घाबरलो होतो. सही करा, तिला मोकळी करा, एवढंच मागायला आलोय."

केदार समजूतदारपणे हसला. "भाऊ, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तिचं असंच असतं. रागाच्या भरात टोकाला जायचं, मग शांत. तेव्हापण गेलेलीच की त्या शेल्टरमध्ये. एकोणीस दिवस. आली ना परत स्वतःहून? ह्या वेळीपण येईल."

"कसलं शेल्टर?"

"ते असतं ना तिकडे बायकांसाठी. नवऱ्याशी पटलं नाही की जाऊन राहायचं. फुकट." त्याने बशी पुढे सरकवली. "तुम्हाला माहीत असेल की. दर रविवारी तिथूनच तर बोलायची तुमच्याशी."

भाऊंनी कप खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा पौष. तीन रविवार. त्या तीन रविवारी क्षिप्रा व्हिडिओ कॉलवर एका मोठ्या स्वयंपाकघरात उभी असायची. मागे लांबलचक ओटा, शेजारी शेजारी दोन फ्रीज, भिंतीवर रकाने आखलेला कसलासा तक्ता. नवीन घर घेतलं वाटतं, असं भाऊंनी ठरवूनच टाकलं होतं. स्वयंपाकघर प्रशस्त मिळालं गं तुला, असं ते म्हणाले होते. ती हसली होती. त्यानंतर त्यांनी बिल्डिंगच्या गेटवर, जिन्यात, दूधवाल्याला, दिसेल त्याला सांगितलं होतं की मुलीकडे दोन-दोन फ्रीज आहेत.

घरी येऊ नको म्हणून आपण सांगितलं, आणि ती कुठे गेली ते समोर दिसत असून आपण फ्रीज मोजत बसलो. भाऊंना स्वतःची किळस आली. समोरच्या माणसाचा रागही आला, पण तो नंतर. आणि तो आला तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"केदार, ऐक," ते म्हणाले. जावयाला त्यांनी आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती. "तू सही केली नाहीस तर ती केस लढेल. तिचा पहिला साक्षीदार मी असेन. ती घरी येऊ म्हणत होती आणि मी तिला थांबवलं, हे मी कोर्टात सांगेन. मग ती कुठे राहिली, किती दिवस, कोणामुळे, तेही सांगेन. माझी अब्रू जायची ती जाईल. तुझी किती राहते ते तू बघ."

केदारचं हसू गेलं. तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटला. मलाही वाटलं नव्हतं, असं भाऊ म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला.

पाचव्या दिवशी केदारने रसिकाबाईंच्या ऑफिसात जाऊन सही केली. धमकीला घाबरून, की त्याच्या आईने दुसऱ्या स्थळाचं काही मनात धरलं होतं म्हणून, ते त्याचं त्याला माहीत. भाऊंनी कोलशेतला काय बोलणं झालं ते घरी सांगितलं, सगळं, फ्रीजसकट. सुमतीने भाजीची सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं. क्षिप्राला यातलं काही कळवू नकोस, मीच सांगेन, ती बोलायला लागली की, असं भाऊंनी तिला सांगितलं.

दोघं दोन वर्षांपेक्षा जास्त वेगळी राहत होती, त्यामुळे सहा महिने थांबायची अटही रसिकाबाईंनी अर्ज करून माफ करून घेतली. कोर्टाची तारीख ज्येष्ठातली पडली. त्या दिवशी तिथी कोणती होती ते भाऊंनी पाहिलं नाही, आणि बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितलंही नाही.

कोर्टात सुमती आत गेली. भाऊंनाही बसता आलं असतं, पण ते बाहेर बाकावर बसले. बाकावर बरीच माणसं होती, बहुतेक आई-वडीलच. एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत लग्नाचा अल्बम घेऊन आली होती, पुरावा म्हणून. दार उघडलं की आतला आवाज तुटक तुटक ऐकू येई. क्षिप्रा कॅलगरीहून व्हिडिओवर हजर होती; एकदा पडद्यावरून तिचा आवाज आला. कोणाचा दबाव आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं असावं. "नाही," ती म्हणाली, "माझी इच्छा आहे." पाच महिन्यांनी भाऊंनी तिचा आवाज असा स्वच्छ ऐकला. दार बंद झालं.

अर्ध्या तासाने सुमती बाहेर आली. झालं, म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तिने भाऊंच्या शेजारी बसताना त्यांच्या खांद्याचा आधार घेतला. केदार त्यांच्यासमोरून जिन्याकडे गेला. त्याने पाहिलं नाही, यांनीही नाही.

मग सुमतीचा फोन वाजला. क्षिप्राचाच होता. तिकडे रात्र बरीच झाली होती. मायलेकी थोडं बोलल्या, कागदाची नक्कल कधी मिळेल वगैरे. शेवटी नेहमीचं वाक्य आलं असावं, कारण सुमतीने उत्तर न देता फोन भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी बरीच जुळवाजुळव करून ठेवली होती. त्यातलं काही आठवेना. "मी केदारकडे गेलो होतो गं," ते म्हणाले. "त्याने सांगितलं, तू कुठे होतीस ते. त्या पौषात. ते स्वयंपाकघर. मला कळायला हवं होतं."

 फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला.

"मला तिथे खोली होती, भाऊ," क्षिप्रा म्हणाली. "छोटी, पण होती. खोलीत बसून बोलता आलं असतं. मी मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन उभी राहायचे. दोन माणसांना दोन फ्रीज कशाला, असं तुम्ही विचाराल म्हणून."

भाऊ बाकावर मागे टेकले. शेजारची अल्बमवाली बाई त्यांच्याकडे बघायला लागली, मग तिने मान फिरवली. सुमतीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता विचारलं तर सांगशील?" भाऊंनी विचारलं.

"आज नको," ती म्हणाली. "सांगेन."

कधी, ते भाऊंनी विचारलं नाही.